नाशिकहून समुद्राच्या कामात यायचंय? आधी सातबारा वाचायला शिका

किनारा आणि समुद्र संवर्धनाच्या सरकारी कामात शिरायचं म्हणून मालवणला डायव्हिंगचा कोर्स करायला निघालेल्या आपल्या भागातल्या पोरांना मी आधी विचारतो, सातबारा वाचता येतो का? त्यांना वाटतं मी टिंगल करतोय.

पण या कामाचा मोठा भाग जमिनीचाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं (खाडीकाठची खारफुटीची जंगलं) तोडायला बंदी घातली आणि सरकारी जागेवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करायला सांगितली. वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये उभा राहिला. आदेश निघून गेला, पण त्याची अंमलबजावणी एकेका सर्व्हे नंबरात करावी लागते. जागा महसूलची की खासगी, मोजणी कधी झाली, खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आतली की बाहेरची, फेरफार कुठे अडकलाय? निफाड-दिंडोरीकडे शेतकरी घरात वाढलेल्याला बांध, फाळणी, इतर हक्क हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. सुरुवातीला कार्यालयात लोक जमिनीचं मला विचारत होते ते यामुळेच. झाडांची शास्त्रीय नावं तर सगळ्यांनाच पाठ होती.

दुसरं कौशल्य नकाशाचं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी बसून शिका. जुना गाव नकाशा उपग्रहचित्रावर बसवताना विहीर, देवळाचा कोपरा, रस्त्याचा तिठा असे न हललेले बिंदू धरायचे. कागद आकसलेला असतो, त्यामुळे एक बिंदू जुळला की दुसरा सरकतो. हे चाळे वाटतील, पण २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. रेघ चार-पाच मीटर इकडेतिकडे झाली की कुणाच्या तरी घराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलासमोर असतो.

कोण काय बघतं हे आधी डोक्यात पक्कं करा. कांदळवनं आणि संरक्षित प्राणी वनविभागाकडे. मासे, बोटींचे परवाने, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी हे मत्स्यव्यवसाय विभागाकडे. किनाऱ्यावरच्या बांधकामांचे प्रस्ताव किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव सापडलं आणि कोळ्याने जाळं कापून ते सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही विभागांची मिळून आहे. फोटो, व्हिडिओ, अर्ज तपासणं अशा कामांतूनच नव्या माणसाची कोळीवाड्यात ओळख होते.

भरतीची वेळ मोबाईलवर दिसते, तरी तिथीचा हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडे पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, पण तेव्हा भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं हटत नाही. तिवराच्या (कांदळवनातल्या झाडांच्या) मुळांत उतरून रोपं मोजायची असतील तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सकाळी सहाची ओहोटी गाठा. बुटांपेक्षा पायाला घट्ट बसणारी सँडल बरी, गमबूट चिखलातच राहतो.

सरावासाठी कोकणात जायची घाई नको. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा, साचलेला गाळ, हिवाळ्यातले पक्षी, भोवतालची ऊसशेती आणि पाण्यावरून होणारी कुरबूर. ठाण्याच्या खाडीचा फ्लेमिंगो पट्टा २०२२ मध्ये त्याच यादीत गेला आणि तिथलेही प्रश्न याच जातीचे आहेत, फक्त पाणी खारं. शिवाय त्र्यंबकजवळ उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्रालाच मिळते. नाशिकचा समुद्राशी काय संबंध, असं विचारणाऱ्या काकांना हे सांगून पाहा. (माझ्या काकांना पटलं नाही.)

शिक्षणाचं म्हणाल तर मत्स्यशास्त्र करायचं असेल तर बारावीतच ठरवा, रत्नागिरीजवळ शिरगावला महाविद्यालय आहे. बीएस्सीनंतर त्या वाटेने जाणं अवघड होतं. वनस्पती किंवा प्राणिशास्त्रवाल्यांना दोन वाटा. एमपीएससीची वनसेवा परीक्षा, पण निवड झाल्यावर नेमणूक समुद्राऐवजी गडचिरोलीलाही होऊ शकते. नाहीतर प्रकल्पावरचं कंत्राटी काम. तिथे शिकायला भरपूर मिळतं, पण करार बहुधा अकरा महिन्यांचा आणि मानधन कधीकधी उशिरा. मुलाखतीत पगार विचारायला लाजू नका. प्रवासभत्ता कुणाकडून, क्षेत्रभेटीला गाडी मिळते का आणि तुम्ही गोळा केलेल्या माहितीवर तुमचं नाव येतं का, हेही तिथेच विचारा. आणि घरभाड्यासाठी दोन-तीन महिन्यांचे पैसे गाठीला ठेवूनच निघा.