गूढ शब्दकोडं: शोधसूत्र सोडवायचं कसं, उलगडून सांगायचं कसं

‘एका जळमटात सापडलं डोळ्यांचं लेणं (३)’

हे वाचून अडगळीची खोली डोळ्यांपुढे आली, तर कोडं घालणाऱ्याचं काम फत्ते झालं. तुम्ही तिथेच घुटमळावं एवढीच त्याची इच्छा असते. म्हणून सगळ्यात आधी वाक्याचा सरळ अर्थ बाजूला ठेवा आणि अक्षरांकडे बघा. ‘एका जळमट’ सलग वाचा: ए-का-ज-ळ-म-ट. आत ‘काजळ’ बसलंय, आणि डोळ्यांचं लेणं म्हणजे काजळच.

शोधसूत्र म्हणजे उत्तर शोधण्यासाठी कोड्यात दिलेलं वाक्य. गूढ शोधसूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक व्याख्या, म्हणजे उत्तराचा साधा अर्थ. दुसरी शब्दखेळ, म्हणजे तेच उत्तर अक्षरं जुळवून मिळवण्याची रीत. व्याख्या नेहमी वाक्याच्या एका टोकाला असते, सुरुवातीला किंवा शेवटी. मधे कधीच नसते. त्यामुळे नवं सूत्र हाती आलं की दोन्ही टोकं चाचपून बघा, कंसातला आकडा, म्हणजे उत्तरात किती अक्षरं आहेत ते, बघा आणि उरलेल्या शब्दांतून खूण हुडका.

खूण म्हणजे अक्षरांचं काय करायचं ते सांगणारा शब्द. गोंधळ, गडबड, मोडतोड, वेड असं काही दिसलं की अक्षरं विस्कटून पुन्हा लावायची. ‘गडबडीत विकता काव्य? (३)’ यात ‘गडबडीत’ ही खूण, ‘विकता’ हा कच्चा माल, उत्तर ‘कविता’. उलट, परत, माघारी असे शब्द आले तर मागून वाचायचं. ‘तोंड’ किंवा ‘आरंभ’ म्हणजे पहिलं अक्षर, ‘शेपूट’ म्हणजे शेवटचं. ‘नाकात टवाळाचं तोंड, निव्वळ सोंग (३)’ हे सूत्र घ्या. टवाळाचं तोंड म्हणजे ‘ट’, तो ‘नाक’ या शब्दाच्या आत घातला की ‘नाटक’.

मराठीत खूण पुष्कळदा स्वतंत्र शब्दात नसते, विभक्तीच्या प्रत्ययात दडलेली असते, आणि नवखा नेमका तिथे चकतो. ‘जळमटात’, ‘नाकात’ यांतला ‘त’ आपण रोज बोलताना इतक्या सहज वापरतो की त्याच्याकडे लक्षच जात नाही. इथे मात्र तोच सांगतो की उत्तर आत शोधा, किंवा आत काहीतरी घाला. ‘रानाचा गंध सोसला रामानं (४)’ यातला ‘चा’ दोन तुकडे जोडतो: रान म्हणजे वन, गंध म्हणजे वास, आणि रामानं सोसला तो वनवास. म्हणून प्रत्येक शब्दाचा प्रत्यय सोडवून वेगळा वाचायची सवय लावून घ्या. माझ्या मते निम्मी सूत्रं एवढ्यानेच सैल होतात.

दुसरी काळजी मात्रांची. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर. ‘नवरा’ विस्कटून ‘वानर’ होत नाही, कारण ‘रा’चा काना ‘व’ला देता येत नाही. कोडं घालणाऱ्याने तशी मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी.

काही सूत्रांत शब्दखेळच नसतो, दोन व्याख्या शेजारी बसवलेल्या असतात. ‘सरकारला द्यावा लागतो हात (२)’ याचं उत्तर ‘कर’.

उत्तर घरात लिहिलं म्हणजे सूत्र सुटलं, असं समजू नका. ‘धान्यासाठी उलटं काम (२)’ वाचून कुणी चटकन ‘गहू’ लिहील. धान्य आहे, दोन अक्षरी आहे, घरात बसतंही. पण ‘उलटं काम’ याचा हिशेब कोण देणार? ‘काम’ उलटं वाचा: मका. उत्तर उलगडून सांगण्याची गरज इथे कळते. मी वहीत असं लिहितो:

मका. व्याख्या: धान्य. खूण: उलटं. माल: काम. ‘साठी’: व्याख्या आणि शब्दखेळ जोडणारा दुवा.

सूत्रातला प्रत्येक शब्द कुठेतरी खर्ची पडला पाहिजे. एखादा शिल्लक राहिला, तर उत्तर चुकलंय किंवा सूत्र सदोष आहे. हा न्याय जुना आहे. ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने इंग्लंडच्या ‘ऑब्झर्वर’ या वृत्तपत्रात कोडी घालणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी त्याचा कायम आग्रह धरला: व्याख्या नेमकी हवी, शब्दखेळ प्रामाणिक हवा आणि भरतीचा एकही शब्द नको. फसवायला परवानगी आहे, खोटं बोलायला नाही. या शिस्तीमुळेच सोडवणाऱ्याला शेवटपर्यंत कोड्यावर भरवसा ठेवता येतो.

दुसऱ्याला समजावून सांगताना उत्तर आधी सांगू नका. आधी व्याख्या कुठल्या टोकाला आहे तेवढं दाखवा आणि थांबा. तरी अडलं तर खुणेवर बोट ठेवा. बहुतेकांना तेवढं पुरतं, आणि उत्तर त्यांचं त्यांना सापडतं.

एखादं उत्तर बरोबर वाटतंय पण उलगडत नाही, असंही होतं. ते पेन्सिलीने पुसट लिहा आणि त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दांकडे वळा. उभ्या शब्दाने त्याच घरात ‘म’ आणून ठेवला, की ‘गहू’ खोडायला वेळ लागत नाही.