रताळ्याच्या ब्रोआस: नाताळची पोर्तुगीज कुकी घरच्या ओटीजीत

नाताळला गोव्यात बोलिन्हा, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका हे सगळं ठरलेलंच, शेजारच्या ख्रिश्चन घरातून ताट येतं आणि त्याआधी आपल्याकडून दिवाळीचा फराळ तिकडे गेलेला असतो. पण खुद्द पोर्तुगालात नाताळात जी ब्रोआस कास्तेलार करतात ती आपल्याकडे घरी करताना मी तरी फारशी कुणाला बघितली नाही, आणि मला याचं खरंच नवल वाटतं कारण रताळं, नारळ, मक्याचं पीठ, संत्रं, यातलं काहीही शोधत फिरावं लागत नाही. रताळं आणि मका दोन्ही मूळचे अमेरिकेतले, आपल्याकडे ते पोर्तुगीजांमार्फत आले असं मानतात, म्हणजे हे सामान आपल्या ओळखीचं होऊनही आता काही शतकं झाली.

कुकी म्हटलं तरी ही कुरकुरीत नसते हे आधीच सांगते. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, वरून अंड्याच्या बलकाची चकाकी, कडा करपायच्या बेतात आलेल्या आणि आत मऊ ओलसर.

सामान: अर्धा किलो रताळी, ३०० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम बदाम, ७५ ग्रॅम सुकं खोबरं बारीक किसून, १०० ग्रॅम मक्याचं पीठ, १०० ग्रॅम मैदा, १ अंडं, वरून लावायला १ बलक, एका संत्र्याची किसलेली साल, चमचाभर दालचिनी पूड, चिमूटभर मीठ. पोर्तुगालात साखर रताळ्याच्या वजनाइतकीच घालतात पण मला ३०० ग्रॅम पुरते. मक्याचं पीठ म्हणजे भाकरीचं पिवळं पीठ हां, सूप दाट करायला वापरतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर अजिबात नको, त्याने सगळं चिकट होतं. बदाम जड वाटत असतील तर निम्मे काजू घ्या, चव बदलते पण छान लागते.

रताळी पाण्यात बुडवून उकडू नका. सालासकट कुकरच्या डब्यात ठेवायची, डब्यात पाणी घालायचं नाही, खालच्या वाफेवरच शिजू द्यायची, नाहीतर ती पाणी पितात आणि ते पाणी काढण्यातच पुढचा अर्धा तास जातो. गरम असतानाच सोलून पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर घासून काढायची म्हणजे दोरे निघून जातात. बदाम भिजवून सोलून नीट कोरडे करायचे आणि चमचाभर साखर घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचे, सलग फिरवले की तेल सुटतं.

आता मुख्य काम. जाड बुडाच्या कढईत रताळ्याचा लगदा आणि साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळली की मिश्रण आधी एकदम पातळ होतं, घाबरायचं नाही आणि पीठ तर मुळीच वाढवायचं नाही, नुसतं ढवळत राहायचं. थोड्या वेळाने फटफट उडायला लागतं, तेव्हा हात सांभाळा, लांब दांड्याचा कालथा घ्या. मग हळूहळू आवाज कमी होतो, रंग थोडा गडद होतो, कालथा फिरवला की क्षणभर कढईचं बूड दिसतं आणि मधोमध उभा केला तर पुरणातल्यासारखा उभा राहतो. तिथवर न्यायचंच! बहुतेकांच्या ब्रोआस पसरतात त्या याच टप्प्यावर घाई केल्यामुळे.

गॅस बंद करून बदाम, खोबरं, दालचिनी, मीठ आणि संत्र्याची साल घाला. साल किसताना फक्त केशरी भाग घ्यायचा, खालचा पांढरा कडू लागतो. मिश्रण कोमट झालं की फेटलेलं अंडं घाला, फार गरम असेल तर अंड्याच्या गुठळ्या होतात. मग मका आणि मैदा घालून परत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, गोळा कढई सोडेपर्यंत. ओलं खोबरं वापरायचं असेल तर आधी तव्यावर कोरडं करून घ्या, लाल न करता, कारण आपल्या हवेत ओल्या खोबऱ्याचं काहीही पटकन आंबतं.

गोळा थंड झाल्यावर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. हे टाळू नका, मक्याचं पीठ जरा खरखरीत असतं, त्याला ओल प्यायला वेळ लागतो आणि गोळा वळायला पण सोपा जातो.

दुसऱ्या दिवशी हाताला मैदा लावून लिंबापेक्षा थोडे लहान गोळे करा, तळहातावर लांबट करून किंचित दाबा, टोकं चिमटीने निमुळती करा. साधारण ३० होतात. बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडा, बलकात चमचाभर दूध घालून ब्रशने दोनदा लावा, पहिला हात सुकला की दुसरा, चकाकी त्यानेच येते.

ओटीजी दोन्ही रॉडवर २२० डिग्रीला निदान १५ मिनिटं तापवा आणि ट्रे मधल्याच्या वरच्या खाचेत ठेवा. १२ ते १५ मिनिटं, शेवटची तीन मिनिटं समोरून हलायचं नाही. आपल्याला भाजायचंय फक्त बाहेरून, आतलं तर कढईतच शिजलंय, म्हणून आच जोरात आणि वेळ कमी. १८० वर निवांत भाजल्या तर आतून सुकतात आणि वरून फिक्या राहतात. कडा गडद तपकिरी झाल्या, वर कुठेकुठे डाग पडले की बाहेर काढा. बोट लावलं तर मऊ लागतील, तशाच हव्यात, ट्रेमध्येच गार होऊ द्या, गरम उचलल्या तर मोडतात.

अंडं चालत नसेल तर आत दोन चमचे दूध आणि वरून केशर घातलेलं दूध लावा, चकाकी कमी येईल पण चव चांगली येते.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवा. चार-पाच दिवस बाहेर टिकतात, नंतर फ्रीज. संत्र्याचा वास दुसऱ्या दिवशी जास्त खुलतो, तेव्हा शेजारी द्यायच्या असतील तर २३ तारखेला भाजून २४ला ताट पाठवा.