नवा स्क्रू कॉम्प्रेसर: स्पेअर आणि सर्व्हिसचं नियोजन

स्पेअरचे दर पर्चेस ऑर्डर काढण्याआधीच ठरवा. कॉम्प्रेसर शेडमध्ये उतरला की घासाघीस करायला फारसा वाव राहत नाही. कोटेशनसोबतच पार्ट नंबरसकट स्पेअर लिस्ट, कॉम्प्रेसर 8000 तास चालेपर्यंतच्या सर्व्हिस किटचे दर आणि ते दर किती वर्षं कायम राहतील, हे लेखी घ्या.

मग तास मोजा. दोन शिफ्ट, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 400 तास. एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर साधारण 2000 तासांना बदलतात, म्हणजे दर पाच महिन्यांनी. सेपरेटर, म्हणजे दाबलेल्या हवेतलं तेल वेगळं करणारा फिल्टर, 4000 तासांना. नक्की आकडा मॅन्युअलमधलाच धरा. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र तेलाची मुदत कमी धरावी लागते, कारण तापमान 10 अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

स्टॉकमध्ये काय ठेवायचं? दोन एअर फिल्टर, दोन ऑइल फिल्टर, एक सेपरेटर, टॉप-अपपुरतं तेल, एक सोलेनॉइड कॉइल (व्हॉल्व्ह विजेवर चालवणारी) आणि बेल्ट ड्राइव्ह असेल तर बेल्टचा पूर्ण सेट. कॉइल स्वस्त असते, पण ती जळली की लोडिंगच होत नाही, म्हणजे मशीन फिरतं पण हवा दाबत नाही, आणि अख्खी लाइन थांबते. एअरएंड (हवा दाबणारे स्क्रू असलेला मुख्य भाग) किंवा मोटर घेऊन ठेवू नका. त्या पैशात जुना कॉम्प्रेसर स्टँडबाय म्हणून चालू स्थितीत ठेवणं जास्त शहाणपणाचं. सील आणि ओ-रिंगही वर्षानुवर्षं साठवू नका, रबर पडून पडून कडक होतं.

हवेत तेल यायला लागलं की लोक लगेच सेपरेटर बदलतात. त्याआधी स्कॅव्हेंज लाइनची (सेपरेटरमध्ये साठलेलं तेल परत एअरएंडकडे नेणारी बारीक नळी) गाळणी आणि ऑरिफिस, म्हणजे तिच्यातलं बारीक छिद्र, साफ करून बघा; पुष्कळदा तिथेच कचरा अडकलेला असतो आणि महागडा सेपरेटर वाचतो. बदलायचाच झाला तर गॅस्केटमधली धातूची पिन नीट पाहा. तिच्यातून सेपरेटरवर साठलेली स्थिर वीज त्याच्या टाकीच्या बॉडीत उतरते. पिन नसलेलं, बाजारात कापून घेतलेलं गॅस्केट लावलं तर टाकीत ठिणगी पडून आग लागू शकते. इथे पैसे वाचवू नका.

वॉरंटी संपल्यावर एअर फिल्टर चांगल्या दुसऱ्या मेकचा चालतो. तेल मात्र मिसळू नका: ग्लायकॉल तेलात (एक सिंथेटिक तेल) मिनरल तेल पडलं की चिकटा धरतो आणि कूलर चोक होतो.

ऑपरेटरने रोज डिस्चार्ज तापमान, सेपरेटरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर आणि तेलाची पातळी लिहावी. प्रेशरमधला फरक 1 बारकडे सरकू लागला की तास भरले नसले तरी नवा सेपरेटर बसवा.