‘मंजूर’ दिसतंय, पण खात्यात पैसे नाहीत: महाडीबीटीचा फॉर्म पहिल्यांदा भरणाऱ्यांसाठी

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, नोंदणी कशी करायची, प्रोफाइल कसं भरायचं, कागद कुठे अपलोड करायचे हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला माहीत असेल, नसेल तर दोन दिवसांत कळेल. मुलं अडकतात ती फॉर्मच्या आधी आणि मंजुरीच्या नंतर. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. घरी थोडी कोरडवाहू जमीन. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, या दोन्हींच्या जोरावर शिकलो. आज नोकरी आहे, तरी ऑक्टोबर आला की पोटात गोळा येतो, कारण मेसचे पैसे थकायचे ते दिवस तेच.

आधी एक कडक गोष्ट. शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्या. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेला राजर्षी शाहू शिष्यवृत्ती लागू होत नाही. ‘आधी सीट पकडा, स्कॉलरशिपचं नंतर बघू’ असं कॉलेजच्या काउंटरवर कोणी म्हणालं, तर शांतपणे उठून या. ब्रँच मनासारखी मिळेल, पण चार वर्षांची पूर्ण फी वडिलांच्या डोक्यावर बसेल. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, तीसुद्धा कॅपमधून आलेल्यांनाच. गुण चांगले असतील तर टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या) जागा पसंतीक्रमात वर टाका. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, उत्पन्नाची मर्यादा तिथेही ८ लाख, आणि ट्यूशन फी पूर्ण माफ. फक्त एकदा ती जागा घेतली की पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, तेव्हा ब्रँच विचार करून भरा.

उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रावर गर्दी उसळते आणि सर्व्हर नेमका तेव्हाच बसतो. अल्पभूधारक शेतकऱ्याची मुलं असाल तर तो दाखलाही त्याच फेरीत काढा, सातबारा आणि आठ-अ सोबत न्या. पंजाबराव योजनेत माझ्या वेळी अल्पभूधारकांच्या मुलांना पुण्यासाठी वर्षाला ३०,००० रुपये होते. हा भत्ता राजर्षी शाहूच्या जोडीने घेता येतो. हे अनेकांना माहीतच नसतं, त्यामुळे फीची शिष्यवृत्ती भरून ते थांबतात. अनुसूचित जातीतल्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही, त्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेली स्वाधार योजना जरूर बघावी.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो तो. इथे सावकाश वाचा.

माझ्या भत्त्याच्या अर्जापुढे पैसे वितरित झाल्याचं दिसत होतं. पासबुक घेऊन बँकेत गेलो, मशिनमध्ये घातलं, नवीन ओळ एकही नाही. काउंटरवर विचारलं, ‘आधार लिंक आहे ना?’ उत्तर आलं, ‘आहे.’ आणि ते खरंही होतं. तरीही पैसे तिथे नव्हते.

कारण फॉर्ममध्ये आपण लिहितो त्या खाते क्रमांकावर पैसे येत नाहीत. सरकार पैसे आधार क्रमांकावर पाठवतं. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद एनपीसीआय या बँकांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे असते, तिला मॅपर म्हणतात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटची नोंद ज्या बँकेने केली तिचंच नाव राहतं. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खातं उघडताना केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) आधार दिलं, ते झालं लिंकिंग. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे याच खात्यात घ्यायचे म्हणून संमती देऊन मॅपरवर नोंद करून घेतली, ते झालं सीडिंग. काउंटरवरचा माणूस लिंकिंगबद्दल बोलत असतो, तुम्हाला हवं असतं सीडिंग.

माझ्या बाबतीत झालं असं: पुण्यात आल्यावर एका स्टॉलवर नवीन सिम घेतलं. तिथे अंगठा दोनदा घेतला गेला. एक सिमचा, दुसरा पेमेंट बँकेच्या खात्याचा. दुसऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या खात्याने मॅपरवरची नोंद स्वतःकडे ओढून घेतली आणि माझा भत्ता तिकडे जाऊन पडला. मेसवाल्या काकूंनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा आणि तिथे दिसणाऱ्या बँकेचं नाव वाचा. स्थिती ‘ॲक्टिव्ह’ हवी. बँक दुसरीच असेल तर आपल्या शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या’ असं नेमकं म्हणा. नुसतं ‘लिंक करा’ म्हणू नका. पोच घ्या, चार-आठ दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. लहानपणी शाळेतून उघडलेलं खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर त्याची केवायसी नव्याने करून घ्या, नाहीतर खातं गोठतं. आणि वर्षभर कुठल्याही सिमच्या, वॉलेटच्या, ‘फ्री खात्याच्या’ स्टॉलवर अंगठा देऊ नका.

पैसे चुकीच्या खात्यात गेलेच असतील तर घाबरू नका. खातं तुमच्याच नावावर आहे, पैसे बुडालेले नाहीत. स्टेटसमध्ये दिसणाऱ्या बँकेचं केंद्र शोधा आणि अंगठा देऊन काढा. मी गावच्या सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांच्या) केंद्रातल्या अंगठ्याच्या मशिनवर काढले. मशिनमधून निघालेल्या चिठ्ठीवर शिल्लक छापलेली बघून वडील तिथेच बाकावर बसले.

नेट कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. नंतर कॉलेजने अर्ज ‘सेंड बॅक’ केला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवला, की तुम्हाला पत्ता लागत नाही आणि मुदत निघून जाते. फॉर्म मोबाइलवरही भरता येतो, संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. ‘शंभर टक्के मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला तर दारातही उभं करू नका. अर्ज आधी कॉलेजात आणि मग शासनाच्या कार्यालयात तपासला जातो, त्यात एजंटचा हात कुठेच पोहोचत नाही.

माणूस धरायचाच असेल तर कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातले क्लार्क धरा. मोठमोठी भाषणं देणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा मला त्यांचा उपयोग जास्त झाला. कोणत्या कागदावर अर्ज परत येतो हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या मॅडम वरवर रागीट होत्या, पण भत्त्याच्या अर्जासोबतचा माझा भाडेकरार नीट वाचून घरमालकाची सही राहिल्याचं त्यांनीच दाखवलं. अर्ज भरल्यावर छापील प्रत वेळेत त्यांच्याकडे द्या आणि दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ म्हणजे नापास नव्हे. शेरा वाचायचा, दुरुस्त करायचं, परत पाठवायचं. आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल तुम्हालाच भरावं लागतं, ते आपोआप होत नाही.

उरलेल्या फीसाठी शैक्षणिक कर्जाला बिचकू नका. ४ लाखांपर्यंत बँका तारण आणि स्वतःचा हिस्सा, दोन्ही मागत नाहीत. ७.५ लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेमुळे तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर शिकत असतानाच्या व्याजाच्या अनुदानाबद्दल अर्ज करतानाच विचारा. मॅनेजर जमिनीचे कागद मागू लागले तर तोंडी नकार घेऊन गावी परतू नका. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज टाका, त्याची नोंद राहते, आणि त्या क्रमांकासह शाखेत पुन्हा जा.