एकाच कंपनीला बसणारं स्पेसिफिकेशन: हरकत घ्यायची कशी

‘हे टेंडर फिक्स आहे’ असं भोसरीच्या टपरीवर म्हणून काही हलत नाही. सरकारी टेंडरमध्ये प्री-बिड क्वेरीची (बोली भरण्याआधी खात्याला विचारायच्या लेखी शंकेची) मुदत संपायच्या आत ते कागदावर मांडावं लागतं, आणि नवीन माणूस इथेच फसतो.

यूटीएमचं, म्हणजे धातू वगैरे ताणून-दाबून त्यांची ताकद तपासणाऱ्या मशीनचं, उदाहरण घ्या. क्षमता 100 किलोन्यूटन, कॉलममधलं अंतर 425 मिमी, क्रॉसहेडचा वेग 0.001 ते 1000 मिमी प्रति मिनिट, वजन 850 किलो. सुटी अट निरुपद्रवी दिसते, चारही एकत्र लावल्या की एखादंच मॉडेल उरतं. म्हणून आधी तक्ता करा: एका बाजूला अटी, दुसऱ्या बाजूला चार-पाच उत्पादकांची मॉडेलं, प्रत्येक चौकटीत कॅटलॉगचा पान क्रमांक. सगळे कुठे गळतात ते लगेच दिसतं. क्वेरी फक्त त्याच अटींवर टाका. वीस क्वेऱ्या टाकल्यात तर खरी हरकत त्यात बुडते आणि उत्तर येतं, ‘निविदेतील अटी कायम.’

क्वेरीत कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, त्यामुळे कोण बाद होतं आणि सुचवलेला मजकूर द्या. ‘आमचं मशीन बसत नाही’ असं चुकूनही लिहू नका. लिहायचं ते असं: ‘वजनाचा चाचणीच्या निकालाशी संबंध नाही, अट वगळावी, अचूकता आयएस 1828 (भाग 1) नुसार क्लास 1 मागावी.’ मात्र प्रयोगशाळेला त्याहून काटेकोर क्लास 0.5 खरंच लागत असेल तर भांडू नका. कडक अट म्हणजे पक्षपात नव्हे.

क्वेरीत आधार कुठल्या नियमाचा द्यायचा? राज्याच्या खात्यांसाठी 1 डिसेंबर 2016 च्या जीआरची खरेदी नियमपुस्तिका, केंद्राच्या संस्थांसाठी जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) 2017 चा नियम 144. पुण्यात पाषाणच्या केंद्रीय प्रयोगशाळेला राज्याचा जीआर दाखवलात तर हसं होईल.

लायझनिंगवाले (खात्यात ओळखीने कामं करून देणारे मध्यस्थ) ‘साहेबांशी बोलतो’ म्हणतात. बोलू द्या, तोंडी आश्वासनाचं शुद्धिपत्रक (टेंडरच्या अटी बदलणारं अधिकृत पत्रक) निघत नाही. आणि घाबरू नका, नुसती हरकत घेतली म्हणून काळ्या यादीत टाकता येत नाही.

शुद्धिपत्रक आलंच नाही, तर बोली भरण्याआधी वरिष्ठांना लेखी निवेदन द्या, पोच घ्या. हरकत वेगळ्या पत्रातच ठेवा. बोलीत घातलीत तर ती सशर्त ठरून बाद होते. गपचूप भाग घेऊन तांत्रिक लिफाफ्यात बाद झाल्यावर रिट याचिका घेऊन मुंबईला हायकोर्टात धावणाऱ्याला सहसा दाद मिळत नाही. टाटा सेल्युलर खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून (1994) कोर्ट निर्णयप्रक्रिया तपासतं, कुठलं मशीन चांगलं ते ठरवत नाही.