गल्लीत काही खटकलं तर... त्याआधी घरात करून ठेवायची तयारी

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकू सकाळी कोपऱ्यावर फुलं आणायला गेल्या, वाटेत दोघं भेटले, एकाने खिशातून कार्ड काढून दाखवलं, म्हणाला आम्ही पोलीस आहोत, पुढे एका बाईंना मारून दागिने पळवलेत, तुम्ही एवढं सोनं घालून कशाला फिरता, काढा आणि पिशवीत ठेवा, थांबा मीच कागदात बांधून देतो. घरी येऊन पुडी सोडली तर आत दोन काचेच्या बांगड्या आणि खडे, पाटल्या आणि मंगळसूत्र गेलं. मला अजून टोचतं ते वेगळंच. त्या सकाळी मी बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते आणि ती बाईक मी बघितली होती, गल्लीच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून, इंजिन चालू, वर बसलेल्याचं हेल्मेट डोक्यावरच, चांगली पंधरा-वीस मिनिटं. मनात आलंही की हा कोणाची वाट बघतोय, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. नंतर हवालदारांनी विचारलं, ताई गाडी कुठली, नंबर काय, तर मला फक्त "काळी होती" एवढंच सांगता आलं.

तेव्हापासून एकेक करत मी जे करून ठेवलंय ते इथे लिहितेय, तुम्हीही जमेल तसं करून ठेवा, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही, हात थरथरतात, आणि जे आधी ठरवलेलं असतं तेवढंच हातून होतं.

सगळ्यात आधी फोन घ्या आणि नंबर सेव्ह करा. ११२ हा मुख्य, पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स सगळ्यासाठी एकच. सायबर फ्रॉडसाठी १९३०, हा वेगळा लक्षात ठेवा कारण पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. रेल्वेत १३९, लहान मुलांच्या बाबतीत १०९८, महिलांसाठी १८१. यानंतर एक काम जे बहुतेक लोक करत नाहीत, आपलं पोलीस स्टेशन नक्की कोणतं ते शोधा. जवळचं तेच आपलं असं नसतं, आमच्याकडे रस्त्याच्या अलीकडची बाजू एका ठाण्यात आणि पलीकडची दुसऱ्या. एकदा दुपारी निवांत चौकीत जाऊन या, बीट अंमलदार, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेले पोलीस, कोण आहेत ते विचारा, चौकीचा नंबर घ्या. गावात असाल तर पोलीस पाटलांचा नंबर घ्या. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका टोल फ्री नंबरवर फोन केला की गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी कॉल जातो, तुमचं गाव त्यात आहे का आणि तुमचा मोबाईल नोंदवलेला आहे का ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

मग एक कागद घ्या आणि स्वतःचा पत्ता लिहा, हसू नका, खरंच लिहा. ११२ लावल्यावर फोन तुमच्या चौकीत वाजत नाही, महाराष्ट्रात त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत महाप्याला आहे आणि दुसरं नागपुरात, म्हणजे फोन उचलणाऱ्या ताईला "गणपती मंदिराच्या मागे" सांगून काही कळत नाही, तशी मंदिरं राज्यात हजारो आहेत. जिल्हा, शहर किंवा तालुका, एरिया, रस्ता, सोसायटीचं नाव, विंग, आणि गाडी कुठून आत येते तो लँडमार्क, या क्रमाने मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरात कामाला येणाऱ्या मावशी, पाहुणे, आजोबा, कोणीही तो वाचून सांगू शकलं पाहिजे. असाच एक कागद वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये लावा.

आता ओळखायचं काय हा प्रश्न. त्यासाठी आधी आपल्या गल्लीचं रोजचं रूप माहीत पाहिजे. दूधवाला किती वाजता येतो, कचऱ्याची गाडी कधी, समोरच्या बंद फ्लॅटची चावी कोणाकडे, कोणत्या गाड्या रात्री उभ्या असतात. एक आठवडा नुसतं लक्ष देऊन बघा, मग जे वेगळं आहे ते आपोआप डोळ्यात भरतं. बंद घराची बेल वाजवून कोणी नाही बघितल्यावर लगेच शेजारचीही वाजवणारा आणि दार उघडल्यावर भलतंच नाव विचारणारा. "समोरचे गावाला गेलेत का, कधी येणार" हे कारण नसताना विचारणारा. पितळेची भांडी चकाचक करून देतो म्हणत हळूच सोन्याच्या बांगडीवर येणारे दोघं. नंबर प्लेट वाकवलेली किंवा चिखल फासलेली बाईक, बाकी गाडी स्वच्छ. एटीएमच्या दारात रेंगाळून म्हाताऱ्या माणसांना "द्या मी काढून देतो" म्हणणारा. भाड्याचा गाळा, शटर दिवसभर खाली, रात्री उशिरा टेम्पो लागतो आणि रसायनाचा उग्र वास येतो. बाहेरगावच्या मुलीला कोणीतरी दंडाला धरून चालवतंय आणि ती कोणाशीच बोलत नाहीये.

नीट बघा, यातल्या प्रत्येक गोष्टीत मी माणूस काय करतोय ते लिहिलंय, तो कोण दिसतोय ते नाही. हे माझ्यासाठी या सगळ्या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा गावात, बाजाराचा दिवस होता, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, व्हॉट्सॲपवर आठवडाभर मुलं चोरणाऱ्यांचे मेसेज फिरत होते आणि लोकांनी त्यांच्या कपड्यांवरून ठरवून टाकलं. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तीच अफवा, तसाच जमाव. शिवाय आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या कपाळावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला पण आपल्या नजरेतून अजून गेलेला नाही. म्हणून फोन करायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, हेच काम माझ्या ओळखीच्या, माझ्यासारखे कपडे घातलेल्या माणसाने केलं असतं तर मला खटकलं असतं का? उत्तर हो असेल तर फोन करा. भाषा, दाढी, टोपी, रंग, पालात राहणारे, बाहेरच्या राज्यातले, एवढंच कारण असेल तर फोन खाली ठेवा. आणि उलटही लक्षात ठेवा, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी बोटीतून जे १० जण आले ते साधी पॅन्ट-टीशर्टमधली तरुण पोरं दिसत होती, तिथल्या कोळी बांधवांना खटकलं ते त्यांचं त्या वेळी तिथे उतरणं, पाठीवरच्या जड बॅगा, आणि त्यांनी हटकलंसुद्धा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी म्हणूनच सागरी पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ हे दोन नंबर वेगळे लिहून ठेवा, अनोळखी बोट, किनाऱ्यावर सोडलेलं इंजिन, असं काही दिसलं तर.

बघितलेलं लक्षात कसं ठेवायचं याची मी सवय लावून घेतलीय आणि त्याचा खरंच उपयोग होतो. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे आधी, मग जमलं तर एमएच आणि त्यापुढचा जिल्ह्याचा नंबर. रोज बाल्कनीतून पाच गाड्यांचे वाचायचे आणि तोंडाने पुटपुटायचे, महिन्याभरात डोळ्याला वळण लागतं. पण प्लेट खोटी असू शकते म्हणून जे बदलता येत नाही ते बघा, मागचा दिवा फुटलेला, टाकीवर स्टिकर, सीट फाटून टेप लावलेली. माणसाचं तसंच, शर्ट दोन मिनिटांत बदलतो, चपला-बूट सहसा बदलत नाहीत. उंची सांगता येत नसेल तर सोसायटीच्या गेटशी तुलना करा, डोकं कडीच्या वर होतं का खाली. चालताना पाय ओढतो का, डावखुरा आहे का, बोलण्यात कुठला हेल आहे. आणि वेळ घड्याळात बघून, "सकाळी" नाही तर "७ वाजून ४० मिनिटं", कारण सीसीटीव्ही शोधताना त्याच्यावरच सगळं अवलंबून असतं. लगेच मोबाईलमध्ये लिहा नाहीतर स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवा, म्हणजे वेळही आपोआप नोंदली जाते. डोळ्यांनी बघितलेलं एका ओळीत आणि मला वाटलं ते दुसऱ्या ओळीत, यांची सरमिसळ होऊ देऊ नका, "चोर होता" असं लिहू नका, "कुलूप हलवून बघितलं" असं लिहा.

फोन कधी आणि कोणाला? आत्ता समोर घडत असेल, किंवा आत्ताच पळाले असतील तर ११२, विचार करत बसू नका. होऊन गेलेलं असेल किंवा रोज थोडं थोडं दिसत असेल तर चौकीत, बीट अंमलदारांना. ११२ ला सुरुवात पत्त्याने करा, लाइन तुटली तरी तेवढं पोचलेलं असतं, मग काय चाललंय, किती जण, हातात काही हत्यार आहे का, कुठली गाडी, कोणत्या दिशेने गेले. कहाणी पहिल्यापासून सांगू नका. ठेवल्यावर फोन बिझी करू नका, ग्रुपवर टाकायला घेऊ नका, कारण गस्तीच्या गाडीतले पोलीस पत्ता विचारायला त्यांच्या नंबरवरून फोन करतात आणि आपण अनोळखी नंबर म्हणून कट करतो, असं फार वेळा होतं.

आणि खाली धावत जाऊ नका. मागे पळू नका, अडवू नका, लाइट लावून बाल्कनीत उभं राहू नका. फोटो सहज आणि लपून काढता आला तरच काढा आणि तो फक्त पोलिसांना द्या. सोसायटीच्या ग्रुपवर "हा माणूस दिसला तर पकडा" असं फोटोसकट टाकणं म्हणजे राईनपाड्याची पहिली पायरी, मी हे माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलंय. ग्रुपवर टाकायचंच असेल तर "दारं लावून घ्या, पोलिसांना कळवलंय" एवढं पुरे.

बेवारस बॅगेचं वेगळं. हात लावायचा नाही, सरकवायची नाही, उघडून बघायची तर नाहीच. एकदा मोठ्याने विचारायचं ही कोणाची, कोणी बोललं नाही तर लोकांना घेऊन लांब व्हायचं आणि लांबून फोन करायचा. ११ जुलै २००६ ला लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये ७ स्फोट झाले, १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत टेबलाखालची सॅक, दोन्हीकडे माणसांच्या गर्दीत ठेवलेलं साधं सामानच होतं. लोकलमध्ये असाल तर गाडी किती वाजताची, स्लो का फास्ट, पुढून कितवा डबा, हे सांगा. नव्व्याण्णव वेळा कोणाचा तरी विसरलेला डबाच निघेल, तरी पोलीस चिडत नाहीत, त्यांना हे माहीत असतं.

नाव बाहेर फुटेल ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती. नाव गुप्त ठेवा असं फोनवर स्पष्ट सांगता येतं, आणि गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये तसं आहे. मात्र तुम्ही फिर्यादी किंवा साक्षीदार झालात तर नाव कागदावर येणार, हे आधी समजून घ्या. चुकून संशय आला आणि काही निघालं नाही तर घाबरायचं कारण नाही, शिक्षा आहे ती मुद्दाम खोटी खबर देऊन कोणाला गोवणाऱ्याला. गुन्हा घडलाय आणि हद्द आमची नाही असं ऐकायला मिळालं तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात नोंद होते, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे, आणि एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते. नुसती संशयाची माहिती असेल तर साध्या कागदावर लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, ती प्रत जपून ठेवा. भाडेकरू ठेवला असेल तर त्याची माहिती पोलिसांकडे द्या, पुण्या-मुंबईत ऑनलाइन भरता येते, तो फॉर्म उद्यावर टाकू नका.

राहिली घरातली वयस्कर मंडळी. त्यांना नुसतं "सांभाळून राहा" सांगून काही होत नाही, वाक्य पाठ करून घ्यावं लागतं. पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाहीत, कागदात बांधून देत नाहीत. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही, "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काहीच नाही, फोन ठेवायचा आणि १९३० लावायचा. काकूंना मी समोर उभं करून चार-पाच वेळा सराव करून घेतला, मी तोतया पोलीस झाले, त्या सुरुवातीला लाजायच्या, आवाजच फुटायचा नाही. आता मी खालच्या आवाजात "मावशी, दागिने काढा" म्हटलं की दोन पावलं मागे सरकतात, पिशवी छातीशी धरतात आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "चला, चौकीत जाऊन बोलू!"