कोकणातल्या घराचं इंटिरिअर ठरवताना या चुका टाळा

गावचं घर नवं करायचं ठरलं की हल्ली मेस्त्रीच्या आधी फोटो येतात. फॅमिली ग्रुपवर ठाण्याची सून जपांडी (जपानी आणि स्कँडिनेव्हियन यांचं मिश्रण) बेडरूम टाकते, पुण्याचा पुतण्या उघड्या लोखंडी पाइपांचं किचन टाकतो, कुणाला बोहो म्हणजे रंगीबेरंगी, मिसळीचं सामान हवं असतं. घरात बारा महिने राहणाऱ्या आईचं म्हणणं एवढंच असतं की न्हाणीघराकडे जाताना पाय सरकू नये आणि कपाटातल्या साड्यांना बुरा येऊ नये. इंटिरिअरची सगळ्यात नेमकी मागणी खरं तर तीच, पण ती ग्रुपवर कुणी टाकत नाही.

ते फोटो खोटे असतात असं नाही. बहुतेक कोरड्या हवेत, काम संपल्याच्या आठवड्यात काढलेले असतात, इतकंच. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. वर समुद्रावरून येणारी खारी हवा बारमाही. त्यामुळे कुठली स्टाईल शोभेल हा प्रश्न इथे जुलैतल्या भिंतीला विचारावा लागतो. फसलेली घरं बघितली तर बहुतेकांनी हेच केलेलं नसतं.

ओल न बघता स्टाईलचं नाव ठरवणं

शक्य असेल तर काम काढण्याआधी एक पावसाळा घरात राहून भिंती बघा. झड येते ती पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून. त्या बाजूची भिंत आणि पूर्वेची भिंत यांचं वागणं अगदी वेगळं असतं. जुन्या लोकांनी म्हणूनच झडीच्या बाजूला पडवी काढली, जिथे पडवी नव्हती तिथे जूनच्या आधी नारळाच्या चुडतांची झापं बांधली. आपण नेमकी तीच भिंत मोठी आणि रिकामी दिसते म्हणून तिच्यावर पूर्ण उंचीचा वॉर्डरोब ठोकतो. ऑगस्टमध्ये दार उघडलं की वास येतो आणि पाठीच्या प्लायवर काळे ठिपके दिसतात.

ओल कुठून येते हे समजायला एक सोपी परीक्षा आहे. फूटभर लांबरुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब धरले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. मग छज्जा, प्लास्टरच्या भेगा, जोत्यावर उडणारं पागोळ्यांचं पाणी, जमिनीतून चढणारी ओल, सगळं तपासायचं. थेंब खोलीकडच्या अंगाला असतील तर भिंत बरी आहे, खोलीत हवा खेळत नाही. पहिल्याला गवंडी लागतो, दुसऱ्याला खिडकी. वॉलपेपर यातल्या कशालाच लागत नाही, तरी लोक तो ओल झाकायला म्हणून लावतात! वॉलपेपर, भिंतीला चिकटून केलेलं पॅनेलिंग आणि चकचकीत ऑइलपेंट हे तिन्ही ओलीला आत कोंडतात. सहा महिने भिंत सुंदर दिसते आणि मग पोपडे धरते.

झडीच्या भिंतीवर काय लावायचं? काहीच नाही. चुना किंवा हवा खेळू देणारा साधा रंग, फार तर चार खुंट्या. सजावटीची हौस आतल्या भिंतींवर भागवा, त्या कोरड्या असतात.

दुसऱ्या हवेतली स्टाईल जशीच्या तशी उचलणं

पांढऱ्याशुभ्र भिंती, फिकट लाकूड, मोठमोठ्या उघड्या काचा ही स्कँडिनेव्हियन पद्धत अशा मुलखात रुजली जिथे हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असतो. तिथे उजेडाचा कण न् कण घरात घ्यायचा असतो. आपल्याकडे मार्च ते मे उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते. जुन्या घरातलं माजघर काळोखं होतं म्हणून आपण नाकं मुरडतो, पण मे महिन्यात दुपारी सगळं घर आडवं होतं ते तिथेच. फिकट लाकूड आणि कमी सामान हा त्या स्टाईलचा भाग जरूर घ्या. पश्चिमेची अख्खी काचेची भिंत सोडा.

इंडस्ट्रियलचं सांगायलाच नको. उघडं लोखंड हा त्या स्टाईलचा जीव, आणि किनाऱ्यावर उघडं लोखंड गंजणारच. मेडिटेरेनियन घरं फोटोत आपल्यासारखी वाटतात, कारण मागे समुद्र असतो. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. त्यांच्या सपाट गच्च्या आणि छज्जा नसलेल्या पांढऱ्या भिंती इथे दोन पावसाळ्यांत शेवाळाने हिरव्या-काळ्या होतात. बालीची उघडी न्हाणीघरं सुरेख दिसतात; पण आमच्याकडे उघड्या न्हाणीघरात पालापाचोळा, बेडूक आणि कधीमधी त्या बेडकामागे आलेला साप, असा पसारा असतो.

उसनं घ्यायचंच असेल तर केरळ आणि गोव्याकडे बघा. उतरती छपरं, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, तांबडी कोब्याची जमीन, खिडकीवर लाकडी झिलमिल: हवा सारखी, म्हणून उपायही सारखे. परकी रुची इथे बसतच नाही असंही नाही. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली रत्नागिरीत बांधलेला थिबा पॅलेस बघा. नक्षी ब्रह्मी धाटणीची, पण डोक्यावर उतरतं छप्पर. अस्सल कोकणी घर आतून बघायचं असेल तर रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मस्थान आणि मालगुंडचं केशवसुतांचं घर दोन्ही जतन केलेली आहेत. तिथे फर्निचरचे फोटो काढत बसू नका. छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय आणि खिडक्या कुठे आहेत ते बघा.

चिऱ्याची भिंत चकचकीत करणं

हल्ली चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, पुन्हा फॅशनीत आला आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या जांभ्यावर आपणच तीस वर्षं सिमेंट थापलं तो आता कौतुकाने उघडा ठेवतात. अडचण त्यानंतर सुरू होते. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. त्याच्यावर ओल्या तकाकीचं जाड वॉर्निश मारलं की पाणी मागून येतं आणि पुढून अडतं. मग पापुद्रे निघतात, आत पांढरे डाग उमटतात आणि ते घासून काढताना चिऱ्याची वरची कातडीच जाते.

उघडा चिरा आतल्या दुभाजक भिंतीवर ठेवा, किंवा रुंद पडवीखाली असलेल्या भिंतीवर. चिऱ्यांमधल्या फटी बारीक ठेवा आणि आत दाबून भरा. सिमेंटच्या जाड पट्ट्या काढल्या की भिंत चारखान्याच्या लुंगीसारखी दिसते. भुकटी गळते म्हणून काहीतरी मारायचंच असेल तर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं पाणीरोधक मागा. ते दगडात मुरतं, वर थर धरत नाही आणि चमकत नाही. आधी कोपऱ्यातल्या दोन चिऱ्यांवर मारून बघा. चिऱ्याच्या खाणी शेजारी असताना चिऱ्याचं चित्र छापलेल्या टाइल्स आणून लावणारेही लोक आहेत. त्यांना नमस्कार.

कौलांखाली पीओपी

कौलारू घरात गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. खाली बंद सीलिंग केलं की ही वाट अडते. दुसरं म्हणजे एखादं कौल सरकलं तर पूर्वी थेंब पडायचा आणि आपण टोप ठेवून कौल परतायला माणूस बोलवायचो. आता पाणी पीओपीवर साठतं, पसरतं आणि दुसऱ्याच खोलीत पिवळा नकाशा काढतं. वरच्या पोकळीत उंदीर राहायला येतात ते वेगळंच.

आणि गणपतीला माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळाफुलांनी सजवलेली चौकट, कुठे बांधणार? सिंधुदुर्गात ज्या घरांत ही रीत आहे, तिथे कवंडाळं, नारळ, सुपाऱ्या, रानातली फळं यांचा भार वर टांगावा लागतो. पीओपीला तो पेलत नाही. सीलिंग हवंच असेल तर लाकडी फळ्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्यांचं करा, भिंतीशी हवेसाठी फट सोडा, वर चढायला झाकण ठेवा आणि माटवीचे हूक सुताराकडून थेट वाशांना लावून घ्या.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दापोलीकडे घरांची छपरं उडाली. त्यानंतर पत्र्याकडे ओढा वाढला, आणि त्यात चूक काही नाही. पण पत्रा तापतो, आणि पावसात त्याच्याखाली फोनवर बोलता येत नाही. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घाला, किंवा पत्र्यावर कौलं बसवा. मात्र आधी वासे तो भार घेतील का ते मेस्त्रीला विचारा. हा खर्च सोफ्याच्या आधी धरायचा.

लाकडाच्या नावाखाली काहीही

कॅटलॉगमधली बरीचशी स्वस्त फर्निचरं एमडीएफची किंवा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. लादी पुसताना खालच्या कडेला पाणी लागलं की ती फुगतात, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) असे दोन प्रकार येतात. एमआर कोरड्या शहरातल्या बेडरूमला ठीक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो उकळत्या पाण्यात ७२ तासांच्या चाचणीतून गेलेला असतो. ओट्याखाली आणि न्हाणीघराजवळ तोच घ्या. कापलेल्या कडा सील करायला सांगा, दाराच्या वरच्या आणि खालच्या कडासुद्धा. त्या दिसत नाहीत म्हणून सुतार सोडून देतात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

बिजागऱ्यांचं तसंच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ते ३०४ पेक्षा चांगलं तोंड देतं. पितळही टिकतं, काळं पडलं तरी चिंच आहेच.

जुनं घर पाडताना निघालेली सागाची, फणसाची दारं, रेजे, फडताळं भंगारात देऊ नका. इतकं वाळलेलं लाकूड आता विकत मिळणं कठीण. फक्त वाळवी बघून घ्या: टोचून बघितलं आणि टोचणी आत गेली, तर ते लाकूड घरात आणू नका.

माणसं मोजायला विसरणं

कोकणातलं घर अकरा महिने दोघांचं असतं आणि गणपतीत पंचवीस जणांचं. एल आकाराचा जड सोफा दिवाणखान्यात बसवला की भजनी मंडळी बसणार कुठे? बाकं, भिंतीतला बैठा कट्टा, घडीच्या खाटा, चटया यांना तुम्ही मिनिमलिस्ट म्हणा किंवा पारंपरिक म्हणा, काम होतं. पडवीला स्लायडिंग काचा लावून "एक खोली वाढवणं" हाही असाच प्रकार. मेमध्ये ती खोली तापते आणि जुलैत तिच्या रुळात पाणी तुंबतं. झडीसाठी पडवीला खाली-वर होणारे चटईचे किंवा जाड कापडाचे पडदे पुरतात.

जमिनीबद्दल थोडक्यात: चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल दमट हवेत घाम धरते आणि पाय सरकतो. मॅट घ्या, किंवा तांबडा कोबा.

काम होऊन गेलं असेल तर

घर सहा-सहा महिने बंद राहत असेल तर मखमल, रेक्झिन, जाड गालिचे यांना बुरा येणारच. मुंबईला जाताना गाद्या उभ्या करा, कपाटांची दारं उघडी ठेवा, कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा (मुलं आणि मांजर यांच्या हाती लागणार नाहीत अशा). शेजारच्या वहिनींकडे किल्ली देऊन पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, खिडक्या उघडायला सांगता आल्या तर या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

भिंतीला चिकटलेलं सुटं कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा आणि खाली दगडाचे तुकडे किंवा पीव्हीसीचे पाय द्या. ठोकलेलं असेल तर पाठीच्या प्लायला वर आणि खाली हवेची भोकं पाडून घ्या. फुगलेल्या शटरचा खालचा भाग कापून तिथे पीव्हीसी बोर्डची पट्टी जोडता येते. रंग जुळणार नाही, म्हणून सगळ्याच शटरना एकसारखी पट्टी करा म्हणजे ती डिझाइन वाटते. पोपडे धरलेला वॉलपेपर काढून टाका, पण लगेच रंग देऊ नका. आधी गळती काढा आणि भिंत दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात वाळू द्या. मग त्या प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा घ्या.

अजून खरेदी झाली नसेल तर दुकानदाराकडून लॅमिनेट, प्लाय, कापड, बिजागरी यांचे छोटे नमुने मागून घ्या आणि मे अखेरीला पश्चिमेच्या पडवीत एका फळीवर मांडून ठेवा. ऑर्डर गणपतीनंतर द्या.